बुधवारची पिशवी

पेत्रोव्रीसी, सोमवार, २४ फेब्रुवारी २०१४

चि. क्सेनीस,
मारियामाता तुला सांभाळो.

पोचलं ते असं: पुठ्ठ्याचं खोकं एक. आत चंदेरी अस्तराच्या पिशव्या तीन. तोंडात धरायच्या कागदी नळ्या तीन. चिकटपट्ट्या तीन, माझं नाव आधीच छापलेल्या, वार आणि वेळ तेवढी मी घालायची. तुझं सूचनांचं पान एक, दोन्ही बाजूंनी भरलेलं. बसवाल्या झीसिसने खोक्याचं भाडं साडेतीन युरो घेतलं. "भाडं यानिनात भरलंय असं खोक्यावर लिहिलंय की रे," म्हटलं, तर म्हणतो, "एव्हान्थियाबाई, तुम्ही शाळा शिकलात, मी फक्त गाडी शिकलो." त्याच्या आईला रविवारी चर्चमध्ये गाठते.

पान दोनदा वाचलं. यंत्राला म्हाताऱ्या पण निरोगी माणसांचा श्वास हवा, म्हणून तुला मावशी आठवली. त्रेसष्टाव्या वर्षी निरोगी माणसांच्या यादीत नाव लागतंय याचा मला आनंदच आहे. पण एकाच बाईला तीन पिशव्या कशाला गं? रांजणातलं तेल कसं आहे ते बघायला एक थेंब पुरतो. एकेका पिशवीची किंमत तू लिहिली नाहीस, पण हाताला लागतंय की स्वस्त नसणार.

मी खोकं उघडत होते तेव्हा तुझे काका खुर्ची ओढून बसले. सगळं बघून म्हणाले, "पोरगी सात वर्षं विद्यापीठात शिकली आणि शेवटी म्हाताऱ्यांच्या तोंडाचा वास घेत बसली?"
"तुमचा नाही मागितलाय, माझा मागितलाय," मी म्हटलं.
"माझा घेतला असता तर यंत्र पळून गेलं असतं."

त्यांचं हल्ली असंच चाललंय. माझ्या कॉफीला म्हणे तांब्याच्या नाण्याची चव लागते. भांड्याला यानिनाहून कल्हई करून आणली, तरी तेच. मग पेपरमिंट चघळत बसतात.

तीन पिशव्या का, ते कळव. म्हणजे वाया जाणार नाहीत.

तुझी,
एव्हान्थिया मावशी


यानिना, गुरुवार, २७ फेब्रुवारी

प्रिय मावशी, नमस्कार.

भाड्याचं मी स्टँडवर जाऊन बोलले. झीसिस तुला साडेतीन युरो परत देईल. नाही दिले तर त्याच्या आईला सांगच.

तीन पिशव्या अशासाठी की श्वास म्हणजे रांजणातलं तेल नव्हे. तो आज आहे तसा उद्या नसतो. माझं यंत्र म्हणजे मुळात नखाएवढी चकती आहे. तिच्यावर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. ती तापवून ठेवायची आणि तिच्यावर श्वास सोडायचा. श्वासातला एखादा वायू लेपाला लागला की तिच्यातून वाहणारी वीज कमी-जास्त होते. दहा लाख भागांत एक भाग वायू असला तरी तिला कळतो. पण नुसत्या एका आकड्याला अर्थ नसतो. तीन सकाळचे तीन आकडे हवेत.

मला मुख्यतः अमोनिया मोजायचा आहे. मूत्रपिंडं थकली की रक्तात साठलेला मळ श्वासातून अमोनिया होऊन बाहेर पडतो. हे नुसत्या फुंकरीवरून ओळखता आलं तर डोंगरातल्या माणसाला सुईची गरजच नाही. पण निरोगी श्वास कसा असतो ते पक्कं ठाऊक असल्याशिवाय आजारी कसा ओळखायचा? म्हणून तू. ईस्टरपूर्वी माझे प्राध्यापक ठरवणार आहेत, ही चकती रुग्णालयात न्यायची की माझं तीन वर्षांचं काम कपाटात ठेवायचं.

येत्या आठवड्यात सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, उठल्या उठल्या चूळ भरून फुंकायचं. सोमवारी सुट्टी असल्यामुळे यंत्र मला एकटीला मिळतं. पिशवी त्याच दिवशीच्या नऊच्या बसने यायलाच हवी, कारण अमोनिया अस्तराला चिकटून बसतो. नेहमीसारखं खा-पी. आणि तिन्ही वेळा फक्त तूच.

तुझी,
क्सेनी


पेत्रोव्रीसी, गुरुवार, ६ मार्च

चि. क्सेनीस,

तीन सकाळी तीन पिशव्या नऊच्या बसने गेल्या. झीसिस त्यांना मांडीवर घेऊन गाडी चालवतो असं सांगतो. खरं मानू नये. साडेतीन युरो मिळाले.

सोमवारी पतंगाच्या सणाला सगळं गाव टेकडीवर पतंग उडवत होतं, मी पिशवी देऊन मग वर गेले. मंगळवारीही सांगितलंस तसंच केलं. बुधवारी पहाटेपासून दहापर्यंत चर्चमध्ये होते, ख्रिस्तप्रसाद घेतला. तिसरी पिशवीही वेळेवर भरली गेली आणि वेळेवर निघाली. पट्टीवर वार, वेळ बरोबर आहे.

काकांना टेकडी चढवेना. अर्ध्या वाटेवर दोनदा बसले. म्हणाले, बूट आखडलेत. बूट कसले आखडतात, पाय सुजलेत, मोज्यांचे वळ नडगीवर संध्याकाळपर्यंत राहतात. अंगाला खाजही सुटली आहे, मेंढ्यासारखे दाराच्या चौकटीला पाठ घासतात. मी घरी केलेल्या साबणात खार जास्त पडला असावा. या खेपेला कमी घालीन.

आकडे आले की कळव. यादीत माझं नाव वरच्या बाजूला असलं तर बरं.

एव्हान्थिया मावशी


यानिना, सोमवार, १० मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र वाचून घाबरायचं नाही, पण टाळायचंही नाही. तुझ्या श्वासात अमोनिया जास्त निघाला आहे, असायला हवा त्याच्या पाचपट. मी दोनदा मोजला. चकती धुऊन, पुन्हा तापवून, तिसऱ्यांदाही मोजला.

आणखी एक. 'नेहमीसारखं खा' म्हटलं होतं ना मी? मंगळवारची पिशवी सांगते की तू काहीच खाल्लं नव्हतंस. पोटात अन्न नसलं की अंगातली चरबी जळते आणि श्वासात नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा एक वायू येतो. तुझा तो चौपट झाला होता. म्हणजे लेंटचे, ईस्टरपूर्वीच्या उपासाचे, पहिले तीन दिवस तू निर्जळ नाही तरी निरन्न काढलेस. तारीख ठरवताना माझ्याच लक्षात यायला हवं होतं. उपासाबद्दल मी भांडत नाही. उपासाने अमोनिया असा चढत नाही, एवढंच सांगते.

या आठवड्यात खाली दवाखान्यात जाऊन रक्त दे. युरिया आणि क्रिएटिनिन, हे दोन शब्द कागदावर लिहून दाखव. फोनवर काही बोलत नाही, काका पलीकडे कान लावून असतात हे मला माहीत आहे.

आईच्या वेळी आपण सगळे 'दमली असेल' म्हणत राहिलो होतो. पुन्हा तसं नको.

क्सेनी


पेत्रोव्रीसी, सोमवार, १७ मार्च

चि. क्सेनीस,

मारियामातेची कृपा. मंगळवारी रक्त दिलं, शनिवारी निकाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाळिशीतल्या बाईची मूत्रपिंडं आहेत तुमची, कुणी पाठवलं तुम्हाला?" मी म्हटलं, भाचीने. त्या म्हणाल्या, भाचीला माझा नमस्कार सांगा. कागद सोबत जोडला आहे, तो परत पाठव, मला लावून ठेवायचा आहे.

खरं सांगते, त्या चार दिवसांत मी तुझ्या यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवला होता. उपास लपवून करावा असं शुभवर्तमानात आहे. शेजारणीलाही पत्ता लागू दिला नव्हता, तुझ्या काकांसमोर ताट वाढून घेत होते आणि ते आत गेले की मांजराला घालत होते. आणि तुझ्या नखाएवढ्या चकतीने तो उघडा पाडला! जिला हे दिसलं, तिला दुसरंही दिसणारच, असं मनाने घेतलं.

म्हणून कपाटं आवरली. तुझ्या काकांसाठी एक यादी करून फडताळाच्या दाराला आतून लावली. मसूर कुठल्या बरणीत, घेवडा किती वेळ भिजवायचा, लोकरीचे कपडे गरम पाण्यात टाकायचे नाहीत, वारलेल्या वडिलांच्या नावाने चर्चमध्ये उकडलेला गहू कधी द्यायचा. त्यांनी ती वाचली. खाली बसून सगळी वाचली, मग म्हणाले, "बाई, हे सगळं शिकण्यापेक्षा मीच आधी जातो, सोपं पडेल."

आता यादी काढून टाकली आहे. तुझ्यावर रागावले नाही. पण यंत्र जरा बघून घे गं. दुसऱ्या एखाद्या बाईचा जीव माझ्याइतका घट्ट नसेल.

एव्हान्थिया मावशी


यानिना, शुक्रवार, २१ मार्च

प्रिय मावशी,

कागद परत पाठवते आहे. तो वाचला आणि मी खुर्चीतच रडले. आधी आनंदाने, मग माझ्या कामासाठी.

प्राध्यापकांना सगळं दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "क्सेनी, रक्त खोटं बोलत नाही. म्हणजे चकती बोलते." सोमवारी ठरवतो म्हणाले, पण ठरल्यातच जमा आहे.

मला कळतच नाही, चुकलं कुठे. तुला आकडे लिहिते, रसायनशास्त्रात तुला वीसपैकी सतरा होते असं आई सांगायची. उपासाचा वायू दहा लाखांत सोमवारी एक, मंगळवारी चार. बुधवारी आणखी चढायला हवा होता, तर तो थेट अर्ध्या भागावर, सोमवारपेक्षाही खाली उतरला, जणू तू आदल्या रात्री पोटभर जेवली होतीस. अमोनिया सोमवारी एकाच्या आत, मंगळवारी एकाच्या आत, आणि बुधवारी एकदम चार. आधी मी तुला सांगितलं नाही, पण वाईट आकडा फक्त त्या एका पिशवीचा आहे. पहिल्या दोन स्वच्छ आहेत.

आणि खरोखर चार असता तर तुला बाहेरूनही कळलं असतं. अशा माणसाच्या तोंडाला धातूची चव येते, पाय सुजतात, चढ चढवत नाही, अंगभर खाज सुटते. तुला यातलं काहीही नाही. म्हणजे चकतीच खोटी.

ईस्टरला घरी येईन. नोकरीबद्दल तेव्हा बोलू.

क्सेनी


पेत्रोव्रीसी, सोमवार, २४ मार्च, सकाळी आठ

चि. क्सेनीस,

या नऊच्या बसने पाठवते आहे ते असं: पालकाची भाजी भरलेली बिनतेलाची पोळी एक. तुझ्या आईचा लोकरीचा गळपट्टा, उसवला होता तो विणून. हे पत्र. आणि तुझे काका. परतीचं तिकीट त्यांच्या खिशात आहे, पण तू सांगशील तेव्हाच ते वापरतील.

बुधवारची पिशवी माझी नव्हती.

ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या आधी मी ओठांना पाणीसुद्धा लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तोंडात नळी धरायची, चूळ भरायची, माझ्याने होईना. आपल्या पाद्रीबाबांना, पापा-लाम्ब्रोसना, विचारायला हवं होतं, पण विचारलं आणि नाही म्हणाले तर पिशवी वाया जाणार. प्रसाद घेऊन परत येईपर्यंत बस निघून गेली असती. म्हणून मी तुझ्या काकांना उठवलं. मनात म्हटलं, सदतीस वर्षं दोघं एका भांड्यातलं खातो, एका चुलीचा धूर घेतो, श्वास निराळा असून असून किती असेल? पट्टीवर नाव तू छापूनच पाठवलं होतंस, मी फक्त वार घातला. म्हणजे खोटं लिहिलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यांनी फुंकलं. "सदतीस वर्षं तोंड बंद ठेवा म्हणत आलीस, आज पहिल्यांदा उघडायला सांगितलंस," म्हणाले आणि पिशवी टच्च भरून दिली. आदल्या दिवशी त्यांनी दोन ताटल्या घेवडा खाल्ला होता. तुझी चकती तेही बरोबर बोलली.

तुझं पत्र काल चर्चनंतर वाचलं. धातूची चव, पाय, चढ, खाज. मी भांड्याला कल्हई केली, बुटांना दोष दिला, साबणातला खार कमी केला. रक्त देऊन आले मी, आणि घरी येऊन यादी चिकटवली त्यांच्यासाठी.

त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. दवाखाना म्हटलं की ते बागेत जाऊन लपतात. तुझ्या प्रयोगशाळेतल्या लाकडी फळ्या निखळल्या आहेत आणि तुला सुतार परवडत नाही, असं सांगून पाठवते आहे. हत्यारांची पेटी बरोबर आहे. आधी त्यांना एखादी फळी ठोकू दे, नसली तर एक निखळवून ठेव. मग फुंकायला सांग, मग रक्त. तुझ्यापुढे ते नाही म्हणत नाहीत. पाठ दुखते म्हणून कित्येक वर्षं ते पिवळ्या डबीतल्या गोळ्या खातात, डबीही पेटीत घातली आहे, डॉक्टरांना दाखव.

त्यांच्यावर ओरडू नकोस. माझ्यावर ओरड.

एव्हान्थिया मावशी


यानिना, गुरुवार, २७ मार्च

प्रिय मावशी,

फोनवर निम्मं सांगितलं, राहिलेलं लिहिते.

काकांनी दोन फळ्या ठोकल्या, त्या खरंच निखळल्या होत्या. मग फुंकलं. चार पूर्णांक दोन. बुधवारच्या पिशवीच्या अगदी जवळ. रक्तानेही तेच सांगितलं. मूत्रपिंडं एक तृतीयांशच चालताहेत. वाढलेला रक्तदाब, जो कधी कुणी मोजलाच नाही, आणि त्या पिवळ्या गोळ्या. गोळ्या आजपासून बंद. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळता येईल. असेच उन्हाळाभर राहिले असते तर शरद ऋतूत यंत्रावर रक्त धुवायची पाळी आली असती.

पथ्याचा कागद त्यांच्याबरोबर येईल. मीठ नाही, ऑलिव्ह नाहीत, ताहिनीचा, म्हणजे तिळाचा, हलवा नाही, घेवडा-मसूर अगदी मोजके. दिवसाला एक अंडं किंवा तळहाताच्या निम्म्याएवढं मांस. लेंट चालू आहे, अंडं-मांस वर्ज्य आहे, हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पथ्य आजपासून.

प्राध्यापकांना तुझी पत्रं वाचून दाखवली. दाराच्या चौकटीच्या मेंढ्यापाशी ते हसले, यादीपाशी "पुन्हा वाच" म्हणाले. चकती मे महिन्यात रुग्णालयात जाते आहे. पण तुझं नाव निरोगी माणसांच्या यादीतून खोडलं, मावशी. एका नावावर दोन माणसं चालत नाहीत म्हणाले. मी ओरडायचं ठरवलं होतं, ते एवढंच.

क्सेनी


पेत्रोव्रीसी, सोमवार, ३१ मार्च

चि. क्सेनीस,

काका शुक्रवारच्या बसने आले. तुझी पोच: पथ्याचा कागद एक, गोळ्यांच्या डब्या दोन, रक्तदाब मोजायचं यंत्र एक. हत्यारांच्या पेटीत करवत नाही, ती तुझ्याकडे राहिली आहे. ते आल्या आल्या म्हणाले, "तुम्ही दोघींनी मिळून मला फसवलंत." मी म्हटलं, होय.

नाव खोडलं ते योग्यच झालं. मी पापा-लाम्ब्रोसकडे जाऊन सगळं सांगितलं. पिशवीचं ऐकून ते कपाळाला हात लावून म्हणाले, "एव्हान्थिया, नळी तोंडात धरणं म्हणजे खाणं नव्हे. मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." म्हणजे मी विचारलं असतं तर ती पिशवी माझीच गेली असती. आणि काकांचं कुणाला कळलंच नसतं. अंड्याचं विचारलं. म्हणाले, आजाऱ्याला उपास नाही, अंडं तू स्वतः उकडून दे आणि तोंड वाकडं न करता दे.

तर शुक्रवारी, चाळीस दिवसांच्या ऐन मध्यात, माझ्या चुलीवर अंडं उकडलं. जन्मात पहिल्यांदा. काका ते फोडीनात. "तू खात नाहीस आणि मी कसा खाऊ?" म्हणाले. मी म्हटलं, "आता आपलं भांडं वेगळं. माझं माझ्या देवाचं, तुमचं डॉक्टरांचं." मग त्यांनी खाल्लं. मीठ मागितलं, दिलं नाही.

मसुराची बरणी मी वरच्या फळीवर ठेवली. फडताळाच्या दाराला नवी यादी लावली आहे, या वेळी माझ्यासाठी. पायांची सूज सकाळी किती, संध्याकाळी किती, रक्तदाब किती. काल कॉफी पिताना त्यांनी तांब्याच्या नाण्याचं नाव काढलं नाही. चव विचारायचा मला धीर झाला नाही.

डॉक्टर महिन्याने बोलावतात, पण माझ्याने महिनाभर थांबवणार नाही. पिशव्या तीन पाठव, भाडं मी इथे भरीन. पट्ट्यांवर नाव छापू नकोस, मी स्वतः काकांचं लिहीन: थ्रासिवूलोस, तिन्हींवर. चूळ मी समोर उभी राहून भरून घेईन. पिशवी नऊच्या बसने निघेल. आकडा चारच्या खाली आला की वर गेला, एवढंच एका ओळीत लिहून झीसिसच्या हाती परतीच्या बसनेच दे. बस येते तेव्हा मी थांब्यावर उभी असेन.

तुझी,
एव्हान्थिया मावशी